२६ गिगाहर्ट्झला अँटेना समोरासमोर असूनही पाथ लॉस एवढा जास्त का येतोय?

मिलीवेव्ह_मी
नमस्कार मंडळी. एमटेकच्या प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या आतल्या रस्त्यावर २६ गिगाहर्ट्झच्या पाथ लॉसचं, म्हणजे वाटेत सिग्नल किती कमी होतो त्याचं, मेजरमेंट चालू आहे. एका टोकाला सिग्नल जनरेटर आणि ट्रायपॉडवर हॉर्न (भोंग्याच्या आकाराची अँटेना), दुसऱ्या टोकाला तसाच हॉर्न आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, मधे काही नाही, सरळसोट रस्ता आणि कडेला गुलमोहर. जनरेटर १० डीबीएम (१ मिलीवॉटच्या तुलनेत पॉवर), हॉर्न दोन्हीकडे २० डीबीआय (अँटेनाचा गेन), मॉड्युलेशन वगैरे नाही, नुसती कॅरिअर (एकाच फ्रीक्वेन्सीची साधी लहर). अ‍ॅनालायझर झिरो स्पॅनला (एकाच फ्रीक्वेन्सीवर रोखलेला), आरबीडब्ल्यू, म्हणजे बघायच्या खिडकीची रुंदी, १० किलोहर्ट्झ.

आकडे असे आलेत: १० मीटरला −४३, ३० ला −५२, १०० ला −७१ डीबीएम. म्हणजे जनरेटरचे १० आणि दोन हॉर्नचे ४० अशा ५० मधून हे वजा केले की पाथ लॉस ९३, १०२ आणि १२१ डीबी. १ मीटरचा फ्री स्पेस लॉस (मोकळ्या हवेतला) धरून एन, म्हणजे अंतराबरोबर लॉस किती झपाट्याने वाढतो तो आकडा, काढला तर ३ च्या आसपास येतो. ३जीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ३८.९०१ मॉडेलमधे रस्त्यावरच्या लाइन ऑफ साइटला (मधे आडोसा नसताना) २.१ दिलाय. सर म्हणतात परत मोजा. तीन वेळा मोजलं, तेच येतंय, दुपारच्या उन्हात ट्रायपॉड धरून धरून आता वैताग आलाय. हो, एक राहिलं, १० आणि ३० मीटरला दोन्ही मशीनना घड्याळं जुळवणारी १० मेगाहर्ट्झची रेफरन्स केबल जोडली होती, १०० ला ती पुरत नाही म्हणून काढून टाकली. त्यात पंधरा दिवसांत पाऊस सुरू होईल, मग तर सगळंच बोंबलणार ना?

ड्राइव्हटेस्टवाला
झाडं, दुसरं काय. आम्ही ३.५ गिगाहर्ट्झला सिग्नल मोजत गाडी फिरवतो तिथेसुद्धा झाडाखाली गेलं की स्कॅनरचा आकडा पडतो आणि तुझं तर २६, वेव्हलेंथच साडेअकरा मिलिमीटर, गुलमोहराचं पान साधारण तेवढंच. फांदी मधे लोंबत असेल बघ.

जुना_आरएफ
झाडांवर नंतर येऊ, मे महिन्यात गुलमोहराला फुलंच जास्त, पानं असतात कुठे एवढी. आधी कागद घे.

फ्री स्पेस म्हणजे ३२.४ अधिक २० लॉग फ्रीक्वेन्सी (गिगाहर्ट्झमधे) अधिक २० लॉग अंतर (मीटरमधे). २६ ला १ मीटरवर ६०.७ येतो. मग १० मीटरला ८०.७, ३० ला ९०.२, १०० ला १००.७. आता तुझ्या आकड्यांतून हे वजा कर: १२, १२ आणि २०. पहिले दोन बघ. अंतर तिप्पट झालं तरी जादाचा लॉस जागचा हलला नाही. हवेतला लॉस असा वागत नाही, हा तुझ्या सेटअपमधलाच आहे. एन पॉइंटवार काढलास तरी दिसेल, १० मीटरला ३.२ आणि ३० ला २.८. जवळ जास्त आणि लांब गेल्यावर कमी, असं दिसलं की कॅलिब्रेशन चुकलंय समजायचं, कारण तोच १२ डीबी १० मीटरला एन १.२ ने फुगवतो आणि १०० मीटरला फक्त ०.६ ने.

केबल कुठली वापरलीस? वायफायच्या प्रॅक्टिकलची असेल तर कल्याण. एन टाइप कनेक्टर १८ गिगाहर्ट्झच्या पुढे कामाचा नाही, आणि चांगली केबलसुद्धा २६ ला मीटरमागे दोन-अडीच डीबी सहज खाते. हॉर्न काढ, दोन्ही केबल आणि अ‍ॅडाप्टर समोरासमोर जोड, मधे ३० डीबीचा अटेन्युएटर टाक (सिग्नल ठरावीक कमी करणारा, तोही २६ लाच तपासलेला हवा), आणि जे वाचशील ते लिहून ठेव. रोज सकाळी हे केल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

आता १०० मीटरचे वरचे ८. रेफरन्स काढलास ना, तिथेच घोळ आहे. दोन मशीनच्या घड्याळांत १ पीपीएमचा (दहा लाखांत एक) फरक म्हणजे २६ गिगाहर्ट्झला २६ किलोहर्ट्झ. तू १० किलोहर्ट्झच्या खिडकीतून झिरो स्पॅनला बघतोयस, सिग्नल खिडकीच्या चौकटीला टेकून उभा आहे. स्पॅन १ मेगाहर्ट्झ उघड आणि पीक कुठे आहे बघ. लांबच्या पॉइंटला जीपीएसवाला रेफरन्स दोन्हीकडे लाव, नसेल तर मशीन तासभर गरम होऊ दे आणि दर पॉइंटला पीक शोधून मगच वाच.

ड्राइव्हटेस्टवाला
बरं बाबा, गुलमोहर निर्दोष 😄 पण अलाइनमेंट? १०० मीटरवर हॉर्न थोडा तिरका झाला तर?

जुना_आरएफ
२० डीबीआयचा बीम साधारण १८ डिग्रीचा. १०० मीटरवर मधल्या रेषेपासून दोन्हीकडे पंधरा मीटर सरकलं तरी जेमतेम ३ डीबी जातात. लेझर पॉइंटर लावायची हौस असेल तर लाव.

घरबसल्या_५जी
मला एक कळत नाही, मॉडेल तयार आहे तर मोजायचंच कशाला? ३८.९०१ चं सूत्र टाका आणि रिपोर्ट द्या.

लॅबताई
सूत्र सरासरी सांगतं, तुमच्या गल्लीचं नाही सांगत. न्यूयॉर्कमधे रेडिओ संशोधक रॅपापोर्ट यांच्या टीमने २८ गिगाहर्ट्झला मोजलं तेव्हा साध्या काचेतून चारेक डीबी गेले आणि बाहेरच्या टिंटेड काचेतून ४०. आपल्याकडे आयटी पार्कच्या इमारती बघा, सगळ्या काळ्या-निळ्या काचा. हे मोजल्याशिवाय कळलं असतं?

आणि मिलीवेव्ह_मी, हवेत सोडायच्या आधी डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार खात्याची स्पेक्ट्रम परवाने देणारी शाखा) एक्सपेरिमेंटल लायसन्स घेतलंय ना? सरल संचार पोर्टलवरून अर्ज करता येतो. २६ चा बँड २०२२ च्या लिलावात कंपन्यांना गेलाय, आपला म्हणून वापरायचा नाही. दुसरं, मोजताना अँटेनासमोर कोणी उभं राहू देऊ नका. आमच्याकडे एक जण मोबाइलवर बोलत मधेच थांबला आणि वीस डीबी गायब, आम्ही अर्धा तास कनेक्टर पिळत बसलो होतो.

मिलीवेव्ह_मी
लायसन्स सरांनी आधीच काढलंय ताई. आणि आरएफ काका, दंडवत! केबल जुन्याच निघाल्या, एका अ‍ॅडाप्टरच्या आतली पिन चक्क वाकलेली. बॅक टू बॅक (केबल समोरासमोर) जोडल्यावर अटेन्युएटर सोडून १२ डीबी लॉस. १०० मीटरला स्पॅन उघडला तर पीक ७ किलोहर्ट्झ बाजूला बसला होता, त्यावर जाऊन वाचलं तर −६५. आता ते १२ वजा करून पाथ लॉस ८१, ९० आणि १०३, एन २.१ च्या आतबाहेर. १०० ला अजून दोनेक डीबी जास्त आहेत, ते गुलमोहराच्या नावावर टाकतो.

आमच्या लॅबमधले मामा हॉर्नला नरसाळं म्हणतात. आज सर सांगत होते की जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात कलकत्त्यात मिलिमीटर लहरींवर प्रयोग केले तेव्हा तेही हॉर्नला नरसाळंच म्हणायचे. मामा खूश.

पावसाचं कोणी बोललंच नाही?

जुना_आरएफ
पावसाला उगाच घाबरतात लोक. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळत असेल, म्हणजे छत्री निरुपयोगी, तेव्हा २६ ला किलोमीटरमागे साधारण १६ डीबी जातात. तुझ्या १०० मीटरला दीड. त्यापेक्षा हॉर्नच्या तोंडावर पाणी साचणं आणि ओली पानं जास्त त्रास देतील. बाकी जनरेटर भिजला तर सर तुला डीबीमधे नाही, रुपयांत लॉस सांगतील.

पुढे इमारतीच्या आड मोजणार असशील तर एकाच दिशेला हॉर्न रोखून बसू नकोस. सिग्नल समोरून येणारच नाही, कुठल्या तरी भिंतीवर आपटून येईल. पंधरा-पंधरा डिग्रीने पूर्ण गोल फिरव, दर दिशेचं वाचन घे, आणि बेरीज करताना डीबीएम आधी मिलीवॉटमधे कर. −८० आणि −८० मिळून −७७ होतात, −१६० नाही. हसू नकोस, व्हायव्हाला असा रिपोर्ट आलाय माझ्याकडे.