बायबलची हिब्रू बोलत शिकवणं म्हणजे बालवाडी?

केडगावकर: काल इथे एकांनी लिहिलं, "बायबलची हिब्रू बोलत शिकवणं म्हणजे बालवाडी. त्या भाषेत चहा मागून काय मिळणार? रूपं पाठ करा." राहवलं नाही. सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत, दोन वर्षं मी क्रियापदांची रूपंच घोकली. पेपरात पहिला वर्ग, आणि बायबलातल्या रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडला की दर शब्दाला कोश! मग एका बाईंच्या वर्गात बसलो. महिनाभर मराठी बंद, इंग्रजी बंद. 'कूम' म्हटलं की उठायचं, 'लेख्' म्हटलं की चालू लागायचं, बाईमाणसाला 'लेखी'. चौथ्या आठवड्यात त्यांनी रूथ नुसती वाचून दाखवली. 'एल अशेर तेलखी एलेख', तू जाशील तिथे मी जाईन. मनात भाषांतर झालंच नाही. डोळे भरून आले.

रूपावली: ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. 'वय्योमेर' रूपाने भविष्यकाळी दिसतो, अर्थ मात्र 'आणि तो म्हणाला'. हे समजावल्याशिवाय कसं कळणार? आणि बोलायला शब्द आहेत कुठे? 'बेत्सालीम', म्हणजे कांदे, जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या हिब्रू भागात, एकदाच येतात, गणना नावाच्या पुस्तकात, ११:५ मध्ये. शब्द अडला की तुमचे शिक्षक इस्राएलची आजची हिब्रू घुसडतात. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं, ते व्याकरणाच्या जोरावर.

अश्दोदकर: 'घुसडतात' काय? माझी आजी अलिबागची. शेमा, ही आम्हा यहुद्यांची रोजची हिब्रू प्रार्थना, तिला तोंडपाठ, अर्थही ठाऊक. इथे इस्राएलला आल्यावर शेजारीण पोराला 'श्मा, श्मा' (ऐक, ऐक) म्हणून दटावताना ऐकलं तेव्हा म्हणाली, "अगो, हा तर आपलाच शब्द!" त्या दिवसापासून ती प्रार्थना वेगळ्याच आवाजात म्हणायची.

रूपावली: आजीचं ठीक आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, १:४ मधलं, 'हश्मल' बघा. तिथे ते आगीच्या मध्यातलं तेज, आज त्याचा अर्थ वीज. विद्यार्थ्याच्या डोक्यात विजेचा दिवा पेटला की दृष्टान्त वाकडा झालाच.

अश्दोदकर: 'आजीचं ठीक आहे' असं झटकून टाकू नका. ज्ञानोबांच्या ओव्यांतले कितीतरी शब्द आज वेगळ्या अर्थाने चालतात. म्हणून आपण घरात मराठी बोलायचं सोडलं का? बोलणाऱ्या माणसाला फरक एकदा सांगितला की पुरतो.

रूपावली: ज्ञानोबांची भाषा घराघरात, वारीत सातशे वर्षं कानावर आहे. हिब्रू शेकडो वर्षं घरात बोललीच जात नव्हती. ही तुलना मला पटत नाही.

केडगावकर: पण वाचली, गायली जात होतीच ना, दर शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी? आणि रमाबाईंचं सांगताय तर पुरतं सांगा. संस्कृत त्यांना आई लक्ष्मीबाईंनी शिकवलं, लहानपणीच पुराणं मुखोद्गत होती. कान आधी तयार होता. 'वय्योमेर'चं म्हणाल, तर बाई रोज एक गोष्ट सांगायच्या. त्यात तो इतक्यांदा यायचा की काळ विचारावा लागला नाही.

रूपावली: बरं, 'वय्योमेर'पुरतं मान्य. तेवढंच. कांद्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

केडगावकर: कांदा बाईंनी माझ्या हातात दिला होता, चिरायला. पुढ्यात काकडी, कलिंगड, लसूणही होती. सगळं चिरून झाल्यावर त्यांनी याच सगळ्यांची नावं असलेलं गणना ११:५ वाचलं.