कॅलरी मोजायला कोणता मनगटी बँड घ्यावा? एकाच फेरीचे दोन आकडे आले आहेत

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापूरची, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ४४, उंची १५५ सेंमी, वजन ७१ किलो. मे महिन्यात रक्त तपासलं तेव्हा एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचं सरासरी माप, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच नको, पण वजन उतरवा आणि रोज चाला. माझी आई शेवटची आठ वर्षं इन्सुलिनवर होती. तिच्या पोटावरचे सुयांचे डाग मी पाहिलेत, त्यामुळे ही गोष्ट मी हलक्यात घेतलेली नाही.

तेव्हापासून रोज पहाटे मलप्रभेच्या घाटापर्यंत जाते आणि वळसा घालून परत येते. ५५ मिनिटं लागतात. मुलगी बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. तिने नवीन बँड घेतला आणि जुना मला दिला. रात्री झोपताना त्यावर दिवसभराच्या कॅलरी बघायच्या आणि त्याप्रमाणे जेवण ठरवायचं, असं मी सुरू केलं. आकडा मोठा दिसला की एक भाकरी जास्त. शनिवारी मुलगी बेळगावचा कुंदा, खव्याची मिठाई, घेऊन यायची, तोही मी त्या आकड्याच्या भरवशावर खाल्ला. मे महिन्यात वजन ६९.५ होतं, आता ७१ आहे. रोज चालूनसुद्धा दीड किलो वाढलं याचं मला फार वाईट वाटलं.

गणपतीला भाऊ पुण्याहून आला, त्याच्याकडे भारी घड्याळ आहे. एके दिवशी पहाटे मी दोन्ही बांधून चालले. डाव्या हातात बँड, उजव्या हातात त्याचं घड्याळ. घरी येऊन पायरीवर बसून दोन्ही बघितले. पावलं जवळपास सारखी. कॅलरी मात्र बँडवर १६५ आणि घड्याळावर २७२. पाय माझेच, रस्ता एकच, मग शंभरचा फरक कुठून आला?

आणखी दोन गोष्टी सांगते. जुलैत भात लावणीला दोन रविवार शेतात होते. सकाळी आठ ते बारा चिखलात वाकून रोपं लावली. बाराला बांधावर आले तेव्हा कंबर सरळ होत नव्हती. बँड म्हणतो १,९०० पावलं आणि २१० कॅलरी. दुसरं, जांबोटीकडे प्रशिक्षणाला गेले होते, तर बसमध्ये नुसतं बसून ७०० पावलं वाढली. त्या रस्त्याचे खड्डे ज्यांना माहीत आहेत त्यांना कळेल.

पाच हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. कॅलरी खऱ्या दाखवणारं कोणतं उपकरण आहे? कृपया वापरलेल्यांनीच सांगा. जाहिराती मी पुष्कळ वाचल्या.

डेपो_पहाटे_साडेपाच

मॅडम, मी बेळगावात टिळकवाडीत राहतो, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज पळायला जातो. नवीन काही घेण्याआधी एक सांगा. लेकीच्या बँडमध्ये वजन कुणाचं घातलंय? आणि भावाच्या घड्याळात?

मलप्रभाकाठ

मुलीला फोन करून विचारलं. बँडच्या ॲपमध्ये अजून तिचीच माहिती आहे. वय २०, वजन ५२. भावाचं वजन ८४. हे बदलायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं यंत्र हातावरून सगळं ओळखतं.

डेपो_पहाटे_साडेपाच

मग तुमचं कोडं सुटलं बघा. ८४ ला ५२ ने भागा, १.६२ येतं. २७२ ला १६५ ने भागा, १.६५ येतं. दोन्ही यंत्रांनी जवळजवळ एकच हिशेब केलाय, फक्त एकाने तुमच्या लेकीला चालवलं आणि दुसऱ्याने तुमच्या भावाला. तुमचे ७१ किलो धरले तर त्या फेरीच्या साधारण २२५ कॅलरी होतात.

हे ताडून बघायची साधी रीत आहे. स्वस्थ बसलेलं माणूस किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करतं, त्याला १ मेट म्हणतात. बऱ्यापैकी झपझप चालणं म्हणजे साडेतीन मेट. ७१ गुणिले ३.५ गुणिले ५५ मिनिटं, म्हणजे सुमारे २२८. कोणतंही घड्याळ न घालता हा आकडा निघतो. मात्र यातल्या पन्नास-साठ कॅलरी त्या वेळेत तुम्ही घरी बसला असता तरी जळाल्याच असत्या. काही ॲप एकूण आकडा दाखवतात, काही चालण्यामुळे वाढलेलाच दाखवतात, आणि दोन्ही ठिकाणी नुसतं 'कॅलरी' लिहिलेलं असतं. जेवण ठरवताना हा घोळ महागात पडतो. मी पण पहिल्या वर्षी एकूण आकडाच जास्तीचा म्हणून धरलो होतो.

आता शेतातलं. साधा बँड दिवसभर मुख्यतः हाताच्या हालचालीवरून पावलं मोजतो आणि नाडी मधूनमधून बघतो. तुम्ही वाकून एका जागी रोपं खोचत होता, त्यामुळे त्याला वाटलं बाई उभी आहे. बसमध्ये हात हादरला तर वाटलं चालते आहे. रोपं लावण्यासारख्या वाकून करायच्या कामाला मेटच्या तक्त्यात चारच्या वर मेट धरलेत, म्हणजे तुमच्या फेरीपेक्षा जास्त. मधला चहा, विश्रांती सगळं वजा केलं तरी २१० हा आकडा त्या कष्टाला धरून नाही. अशा वेळी ॲपमधला व्यायामाचा मोड चालू करायचा, मग तो नाडी सलग घेतो.

आणि नाडीसाठी एक विचारतो, राग मानू नका. बँड बांगड्यांच्या खाली बांधता की वर?

मलप्रभाकाठ

राग कसला! खाली, मनगटाच्या हाडावर. वर हिरव्या बांगड्या आहेत. चालताना बांगड्या बँडवर आपटतात आणि तो फिरून आतल्या बाजूला जातो.

डेपो_पहाटे_साडेपाच

तेच. बँडच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो कातडीत उजेड सोडतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की तिथलं रक्त वाढतं, परत येणारा उजेड कमी होतो, त्यावरून तो ठोके मोजतो. बँड सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि हात हलेल तसा आकडा उड्या मारतो. कधी कधी तर तो पावलांचा वेग हाच ठोका समजतो. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, बांगड्यांच्या वरच्या बाजूला, बोट आत जाणार नाही इतका घट्ट बांधा. चालून झालं की सैल करा, नाहीतर कातडीला पुरळ येतं. बांगड्यांची अडचण राहिलीच तर दंडावर बांधायचे पट्टे मिळतात, पोलार कंपनीचा व्हेरिटी सेन्स तसा आहे. त्याला पडदा नसतो, आकडे फोनवर बघायचे. ब्लाउजच्या बाहीखाली तो मस्त बसतो, माझी वहिनी वापरते. पण तुमच्या बजेटात बसणार नाही.

सगळ्यात नेमकी नाडी छातीच्या पट्ट्याने मिळते. तो उजेड नव्हे, हृदयाची विजेची लहर पकडतो. पळणाऱ्यांना ठीक आहे, चालण्यासाठी मी तो तुम्हाला सुचवणार नाही.

निपाणीचे_आजोबा

ताई, वय ६९, तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होतो, आता निवृत्त. माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. मुलाने वाढदिवसाला घड्याळ दिलं. चाळीस मिनिटं घाम निघेपर्यंत चाललो तरी ते म्हणायचं कॅलरी ९०, 'हलका व्यायाम'. महिनाभर मी स्वतःला कमी समजून वेग वाढवत गेलो. एके दिवशी चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कठड्याला धरून बसावं लागलं.

कारण डॉक्टरांकडे कळलं. रक्तदाबासाठी मला बीटा-ब्लॉकर गटातली गोळी आहे. ती हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही. मी कितीही चाललो तरी नाडी ८० च्या पुढे जात नाही, आणि यंत्र नाडीवरून कष्ट मोजतं. त्याला कळणार कसं की आत गोळी आहे? ताई, तुम्हाला किंवा घरात कुणाला अशी गोळी असेल तर नाडीवरच्या कॅलरी सोडून द्या. आणि घड्याळाला बरं दिसावं म्हणून गोळी चुकवू नका. आमच्या कट्ट्यावर एकाने तसं केलं होतं.

आता मी साधी परीक्षा करतो. चालताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणायला गेलो तर दम लागला पाहिजे. तेवढा वेग पुरे, असं डॉक्टरच म्हणाले.

आहारताई_चिकोडी

मी आहारतज्ज्ञ आहे, माहेर चिकोडी. वरचं वाचून समाधान वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या दहा बायका रोज हेच विचारतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कॅलरी कोणतंही घड्याळ मोजत नाही, ते अंदाज बांधतं. खरी मोजणी करायची तर तोंडाला मुखवटा लावून श्वासातला ऑक्सिजन मोजावा लागतो. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ कॅलरी खर्च झाल्या असं धरतात. २०१७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० जणांवर ७ मनगटी उपकरणं अशा मोजणीशी ताडून पाहिली. नाडीच्या बाबतीत ७ पैकी ६ उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर उपकरणं बदलली आहेत, पण पद्धत तीच आहे. वय, वजन, उंची, नाडी आणि हालचाल यांवरून सूत्र मांडायचं. दोन माणसांची नाडी सारखी असून खर्च वेगळा असू शकतो. उन्हाने, चहाने, काळजीनेही नाडी वाढते.

म्हणून ताई, 'खऱ्या कॅलरी दाखवणारं' उपकरण शोधू नका. पाच हजारांच्या आतलं, नाडी नीट घेणारं, तुमच्या हातावर घट्ट बसणारं, वय-वजन बदलता येणारं कोणतंही घ्या. किंवा जुन्याच बँडमध्ये स्वतःची माहिती भरा आणि पाच हजार वाचवा. ऑक्सिजन, ताण, झोपेचे गुण यासाठी जादा पैसे घालवू नका.

आता जेवणाचं. तुमचं वय, उंची, वजन मिफ्लिन-सेंट जॉर सूत्रात घातलं तर अंथरुणात पडून राहूनही दिवसाला सुमारे १,३०० कॅलरी लागतात. बँड रात्री दिवसभराचा एकूण आकडा दाखवत असेल तर हे १,३०० त्यातच असतात, ते 'कमावलेले' नाहीत. तुमची रोजची फेरी २२५ ची, त्यातली जास्तीची पावणेदोनशे. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी साधारण २०० ची. म्हणजे पंचावन्न मिनिटं चालून जी भाकरी वाचवली तीच रात्री परत खाल्ली. कुंदा तर खवा आणि साखरेचाच, तो वेगळा. दीड किलो वाढलं ते असं. यात तुमचा आळस कुठेच नाही, उलट तुम्ही रोज चाललात.

मी बायकांना एक करायला लावते. चार आठवडे जेवण तेच ठेवा, चालण्याच्या बदल्यात काही वाढवू नका. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. चार आठवड्यांत एक किलो उतरलं तर ७,७०० भागिले २८, म्हणजे रोज २७५ ची तूट पडली. पहिल्या आठवड्यात पाणी उतरतं, तेव्हा त्या आकड्यावर हुरळू नका. बँडचा आकडा या तुटीशी जुळतो का ते बघा. रोज सारखाच चुकत असला तरी चालेल, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना होते.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहिते आहे.

नवीन काही घेतलं नाही. मुलीने जुन्याच बँडमध्ये माझं वय-वजन भरलं. डाव्या हातात आता दोनच बांगड्या ठेवल्यात, बँड त्यांच्या वर असतो. नाडी खरी येते का हे मी स्वतः पाहिलं. घाटावर थांबून गळ्याशी दोन बोटं धरून अर्धा मिनिट ठोके मोजले, दुप्पट केले तर ११२. बँडवर ११०. त्या दिवशी मला खूप बरं वाटलं. पूर्वी बांगड्यांखाली असताना तो कधी ७०, कधी १५० दाखवायचा.

फेरीचे आता २१५ ते २३० येतात, डेपोवाल्या दादांनी काढले तेवढेच. पण ते बघून भाकरी वाढवणं बंद केलं. वजन डायरीत लिहिते. पहिल्या आठवड्याची सरासरी ७०.८, त्यानंतर चार आठवड्यांनी ६९.७. ताईंच्या हिशेबाने १.१ गुणिले ७,७०० भागिले २८, रोज सुमारे ३००. चालण्याच्या जास्तीच्या कॅलरी आणि न खाल्लेली भाकरी मिळून याहून थोडं जास्त व्हायला हवं, तेवढं कुठेतरी शाळेतल्या चहात जात असेल.

आजोबा, तुमचं वाचून सासऱ्यांच्या गोळ्यांची पाकिटं काढून बघितली. त्यांनाही त्याच गटातली आहे. ते माझा बँड मागत होते. त्यांना अभंगाची परीक्षा सांगितली, ती त्यांना लगेच पटली.

लवकरच सुगी सुरू होईल. भात कापणीला चार दिवस रजा टाकली आहे. डेपोवाले दादा, वहिनींचा तो दंडावरचा पट्टा एका रविवारपुरता मिळेल का? शनिवारी बेळगावला येते आहे, तेव्हा घेईन. एका दंडावर तो आणि दुसऱ्या हातात हा बँड, दोन्ही व्यायामाच्या मोडवर ठेवून चार तास कापणी करणार आहे. आकडे इथे टाकते.