मदत हवी आहे : दौलताबाद-वेरूळ-अजिंठा शालेय सहल, दोन दिवसांचं वेळापत्रक

सहलप्रमुख_गेवराई
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहल आहे. पहिल्या दिवशी अजिंठा, दुसऱ्या दिवशी वेरूळ आणि दौलताबाद असं धरलंय. कुठे किती वेळ द्यायचा तेवढं पटकन सांगा, उद्या मुख्याध्यापकांना कागद द्यायचाय. बीबी का मकबरा मध्ये बसतोय का तेही सांगा. गाड्या एसटीच्या.

लेणीवेडा
मुलं किती? इयत्ता कोणती? वार कोणते? मुक्काम कुठे? हे कळल्याशिवाय वेळापत्रक कसं सांगणार?

सहलप्रमुख_गेवराई
मुलं ८६, आठवी आणि नववी. शिक्षक ९. मुक्काम ठरायचाय. वाराने काय फरक पडतो? सोमवार-मंगळवार आहे.

लेणीवेडा
वारानेच सगळा फरक पडतो, सर. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. तुमच्या क्रमाने गेलात तर दोन्हीकडे फाटक बंद मिळेल. दिवस उलटे करा : सोमवारी दौलताबाद आणि वेरूळ, मंगळवारी अजिंठा. तारखा बदलायची गरज नाही.

कागदोपत्री
बसची संख्या बघा. साध्या एसटीत बसायच्या जागा ४० ते ४४ असतात. तुमची माणसं ९५. दोन गाड्यांत बसत नाहीत आणि शालेय सहलीत उभ्याने प्रवास चालत नाही. एक तर तिसरी गाडी घ्या, नाही तर संख्या कमी करा. आगारात जाण्याआधी हे ठरवा, कारण प्रासंगिक कराराच्या (सहलीसाठी एसटी भाड्याने घेण्याच्या) अर्जात आसनसंख्या आणि मार्ग दोन्ही लिहावे लागतात. शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र जोडावं लागतं. परवानगी आली आहे का?

सहलप्रमुख_गेवराई
प्रस्ताव पाठवलाय, यायची आहे.

कागदोपत्री
मग आधी ती. प्रस्तावात मार्ग 'अजिंठा, मग वेरूळ' असा गेला असेल तर सुधारित पत्र द्या. परवानगीवर एक क्रम आणि गाडी दुसऱ्याच वाटेने, हे वाटेत अडचणीचं होतं. पालकांची संमतीपत्रंही नव्या वेळापत्रकासकट घ्या.

भटक्या_विदर्भ
एवढी धावपळ करण्यापेक्षा लोणारला न्या. सरोवर, दैत्यसूदन मंदिर, भूगोल आणि इतिहास एकाच दिवसात.

लेणीवेडा
लोणार उत्तम आहे, पण त्यांनी ते विचारलेलं नाही.

दुर्गवाट
सोमवारची आखणी अशी करा. गेवराईहून पहाटे ५.३० ला निघा, ८.३० च्या आत दौलताबाद. किल्ला सकाळीच, कारण चढ उन्हात झेपत नाही. सगळ्यांना वरच्या बारादरीपर्यंत नेऊ नका. चांदमिनार, चिनीमहाल, मेंढा तोफ आणि खंदकावरचा पूल, एवढं नीट दाखवायला दीड तास पुरतो. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, ८६ मुलं एकदम घालणं धोक्याचं. आत वळणदार पायऱ्या, वटवाघळं, घसरडी फरशी. एक जण थांबला की मागचे त्याच्यावर येतात. न्यायचंच असेल तर पंधरा-पंधराची तुकडी, पुढे-मागे शिक्षक, दोघांकडे विजेरी.

माजी_मुख्याध्यापक
असहमत. मुलं किल्ल्यावर येतात ती वर जाण्यासाठीच. खंदक, अंधारी, मग उभी चढण, हे पायाखालून गेल्याशिवाय देवगिरी अभेद्य का मानला जायचा हे कळत नाही. वेरूळची चार लेणी कमी करा.

दुर्गवाट
वर जाऊन यायला मुलांच्या गतीने तीन तास जातात. मग दुपारी १ ला वेरूळ, जेवण, २ ला लेणी. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आतच आणि लेणी सूर्यास्ताला बंद. कैलास घाईत उरकायचा का? दोन्हींत कैलासच मोठा.

लेणीवेडा
वेरूळला ३४ लेणी आहेत, सगळी बघायला जाऊ नका. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. प्रत्येकातलं निवडा : १० (चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह), १२ (तीन मजली), १६ (कैलास), ३२ (इंद्रसभा). १६ फाटकासमोरच असल्यामुळे सगळे आधी तिथेच घुसतात. तुम्ही १० आणि १२ पासून सुरुवात करा, तोवर गर्दी पांगते. कैलासला सव्वा तास ठेवा. हे बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात. हे प्रांगणात उभं राहून सांगा, गाडीत सांगून उपयोग नाही. कैलासच्या वरच्या डोंगरकड्याला मात्र मुलांना नेऊ नका. जैन लेणी उत्तरेला लांब आहेत, चालत नेलंत तर वेळ जातो, वाहन बघा.

आणि घृष्णेश्वर त्या दिवशी धरू नका. सोमवारची रांग तुमचा सगळा दिवस खाईल.

सहलप्रमुख_गेवराई
पालकांना घृष्णेश्वर हवंच आहे. बाकी पटलं. मुक्काम संभाजीनगरात बरा ना? वाटेत मकबराही होईल.

छायाचित्रक
ट्रायपॉड नेणार असाल तर पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते.

दुर्गवाट
ट्रायपॉडचं कोणी विचारलंय?
मुक्काम शहरात नको. वेरूळहून खुलताबाद-फुलंब्री रस्त्याने सरळ सिल्लोडकडे निघा, शहरात शिरायचं कामच नाही. सिल्लोड किंवा फर्दापूरला राहिलात तर मंगळवारी नऊला अजिंठ्याच्या दारात. शहरातून निघालात तर १०० किमी आधी कापावं लागेल.

कागदोपत्री
फर्दापूरला ९५ माणसांचं जेवण आणि मुलामुलींची वेगळी सोय आयत्या वेळी मिळणार नाही. सिल्लोडला मंगल कार्यालय किंवा शाळा बघा, पत्र देऊन आधी ठरवा. मकबरा वगळा, त्यासाठी शहरात शिरावं लागेल.

लेणीवेडा
अजिंठ्याची पद्धत वेगळी आहे. तुमची गाडी फर्दापूर तिठ्यावर थांबते, तिथून लेण्यांपर्यंतचे चार किमी प्रदूषणमुक्त बसनेच. ९५ माणसं एका फेरीत जात नाहीत, म्हणून चढतानाच तुकड्या पाडा आणि प्रत्येक तुकडीच्या शिक्षकाकडे यादी द्या. स्वच्छतागृह पायऱ्या चढण्यापूर्वी.

लेणी : १, २, १७ आणि २६. पहिल्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र, सतराव्यात जातककथांची (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींची) भिंत, सव्विसाव्यात महापरिनिर्वाण, म्हणजे पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती. चित्रांच्या लेण्यात प्रकाश मुद्दाम मंद असतो. मुलं उन्हातून आत शिरली की काहीच दिसत नाही म्हणून ओरडतात, मग कोणीतरी मोबाइलचा दिवा लावतो. आत पाच मिनिटं नुसतं थांबवा, डोळे सरावतात. फ्लॅश बंद. भिंतीला हात, पाठ, दप्तर काही लागू देऊ नका. रंग ओल्या गिलाव्यावर नाही, सुक्यावर दिलेत. खाली माती, भाताचं तूस आणि गवताचे तंतू. घामाचा हात लागला की पापुद्रा सुटतो, आणि तो परत चिकटत नाही. गर्दीच्या श्वासाचा दमटपणाही वाईट, म्हणून पाहून झालेली तुकडी लगेच बाहेर काढा.

माजी_मुख्याध्यापक
आग्या मोहोळांचं विसरू नका, किल्ल्यावर आणि अजिंठ्यालाही. दगड मारू नये, धूर करू नये, उग्र अत्तर लावून येऊ नये, ही सूचना संमतीपत्रातच छापा. माकडं खाऊच्या पिशव्या ओढतात, डबे गाडीत ठेवा.

सहलप्रमुख_गेवराई
तिकिटाचं काय? मुलांना फुकट ना?

कागदोपत्री
१५ वर्षांखालच्यांना. नववीत काही १५ पूर्ण झालेले असतील. शाळेच्या लेटरहेडवर जन्मतारखेसह यादी करा, शिक्का-सही घ्या, चार प्रती न्या. १५ वरच्यांचे आणि शिक्षकांचे पैसे वेगळे काढून ठेवा. अजिंठ्याची बस मात्र सगळ्यांना पैसे देऊनच.

दुर्गवाट
परतीचं बघा. अजिंठा ते गेवराई १९० किमीच्या आसपास, वाटेत थांबे धरून सहा तास. दीडला लेण्यांतून खाली, दोनला जेवण, अडीचला गाडी. त्यानंतर निघालात तर फार रात्र होते, आणि परवानगीत उशिरा रात्रीच्या प्रवासाला मनाई असते. एसटीचा खोळंबा आकारही (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) वाढतो.

सहलप्रमुख_गेवराई
ठीक. दोन मुलांना दम्याचा त्रास आहे, पायऱ्या जमतील का?

लेणीवेडा
हे पहिल्या पोस्टीत हवं होतं. अजिंठ्याला सुरुवातीचीच चढण दमवते, नंतर वाट बरीचशी सपाट. खाली डोलीवाले मिळतात, दर आधी ठरवून घ्या. इनहेलर मुलाच्या खिशात आणि दुसरा शिक्षकाकडे. किल्ल्यावर त्या दोघांना चिनीमहालापुढे नेऊ नका, आणि त्यांच्यासोबत एक शिक्षक खाली थांबेल हे आजच्याच कागदात नावानिशी लिहा.