कूलंट सेन्सरचा कोड पी०११८ घरी तपासायचा आहे, १,५०० रुपयांत कोणता स्कॅनर घ्यावा?

कासारवडवलीकर
नमस्कार. माझी २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या सोमवारी चेक इंजिनचा दिवा लागला आणि तेव्हापासून सकाळी थंड गाडी सुरू केली तरी रेडिएटरचा पंखा लगेच फिरू लागतो. सर्व्हिस सेंटरने पी०११८ हा कोड कागदावर लिहून दिला आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा सेन्सर बदलण्यासाठी मजुरीसह ४,८०० रुपये सांगितले. सेन्सर खरोखर गेला आहे का, हे स्वतः पाहावे असा विचार आहे. माझा फोन आयफोन आहे.

ऐरोलीचा_सारथी
दीड हजारात खेळणे मिळते, साधन मिळत नाही. मी १८,००० रुपयांचा स्कॅनर घेतला असून तो एबीएस आणि एअरबॅगचेही कोड वाचतो. आमच्या सोसायटीतील अकरा गाड्या मीच तपासून दिल्या आहेत. थोडे पैसे वाढवा, पुढे पश्चात्ताप होणार नाही.

नेरूळ_पूर्व
माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. मी ४५० रुपयांचे ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून फोनवर कोड दाखवणारा छोटा स्कॅनर) मागवले आणि दोन संध्याकाळी गाडीत बसून ते आयफोनला जोडण्याची खटपट केली. साधे ब्लूटूथ डोंगल अँड्रॉइडवर चालते. आयफोनसाठी वायफायचे किंवा लो एनर्जी ब्लूटूथचे घ्यावे लागते. पुढे ते यजमानांच्या फोनवर चालवले, पण गणपतीला गावी जाताना डोंगल गाडीला लावलेलेच राहिले. डॅशबोर्डखालच्या त्या सोळा पिनांच्या सॉकेटला गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू असतो, त्यामुळे दहा दिवसांनी परत आलो तेव्हा बॅटरी झोपलेली होती.

वर्तकनगर_७७
डोंगल १.५ आवृत्तीचेच घ्या. २.१ लिहिलेली स्वस्त डोंगले अर्धे आदेश पाळतच नाहीत.

कोलशेतचा_अभियंता
ज्या कॅनडियन कंपनीच्या चिपची ही नक्कल आहे, तिने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तो आकडा नक्कल करणाऱ्यांनीच छापलेला आहे.

वर्तकनगर_७७
आकडा खोटा असेल, पण माझे डोंगल चार वर्षे चालते आहे आणि मला तेवढे पुरे आहे.

मानपाडा_एक्सप्रेस
इतका खर्च कशाला? बॅटरीचे टर्मिनल दहा मिनिटे काढून ठेवा, दिवा जातो. माझा गेला होता.

तुर्भ्याचा_जुना_मिस्त्री
टर्मिनल काढल्याने नोंद पुसली जाते, बिघाड जात नाही. तो तसाच असेल तर दिवा पुन्हा लागतो. कासारवडवलीकर साहेब, कोड तुमच्या हातात आहे, मग तो वाचण्यासाठी पुन्हा पैसे कशाला घालता? पी०११८ म्हणजे "सेन्सर बदला" असे नव्हे. त्या सर्किटचा व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढला, एवढेच तो सांगतो, आणि बहुधा त्याचा अर्थ कुठेतरी सर्किट तुटले असा असतो. ते सेन्सरच्या आत तुटले असेल, प्लगमध्ये असेल किंवा वायरीत असेल. एक साधा मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारे यंत्र) घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सरचा प्लग काढून सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. बहुतेक गाड्यांत तो २० अंशांना दोन-अडीच किलोओहम असतो आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहमपर्यंत उतरतो, म्हणजे आपल्याकडच्या हवेत दोनाच्या जरा खाली दिसला तरी घाबरू नका. मीटर अनंत दाखवू लागला तर सेन्सर गेला. तो ठीक असेल तर चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता, वायरीकडच्या प्लगच्या दोन टोकांमध्ये मोजा. तिथे साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत. मिळाले नाहीत तर मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावून लाल पिनेने दोन्ही टोके एकेक करून पाहा. एकावर ५ व्होल्ट आले, तर सिग्नलची वायर शाबूत आहे आणि परतीची तुटली आहे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण किंवा सेन्सर कधीही खोलू नका.

ऐरोलीचा_सारथी
माझ्या स्कॅनरवर हेच दोन मिनिटांत कळले असते. सर्किट तुटलेले असेल तर तापमान उणे ४० दिसते.

मानपाडा_एक्सप्रेस
ठाण्यात उणे ४०? ॲप फॅरनहाइटवर असेल, सेटिंग बदला.

कोलशेतचा_अभियंता
उणे ४० हा आकडा सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्हींत एकच असतो.

नेरूळ_पूर्व
पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये उंदरांनी दोन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या होत्या, तेव्हा तेही पाहून घ्या. कोणी बोनेटखाली तंबाखूची पाने ठेवायला सांगेल. आम्ही ठेवली होती. उंदीर आले ते आलेच, गाडीला मात्र आठवडाभर पानपट्टीचा वास येत होता.

कासारवडवलीकर
सर्वांचे आभार. ३८० रुपयांचा मल्टिमीटर आणला. सेन्सरचा रोध १.९ किलोओहम आला. प्लगच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ शून्य, पण बॅटरीच्या निगेटिव्हपासून एका टोकावर ४.९ व्होल्ट मिळाले. मिस्त्रीकाकांनी सांगितल्याप्रमाणे परतीची वायर चाचपत गेलो. प्लगपासून चार बोटांवर काळ्या टेपच्या आत ती तुटलेली होती, तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या आणि शेजारच्या प्लास्टिकवर बारीक दातांच्या खुणा होत्या. सोल्डरचा डाग देऊन वर हीट श्रिंकची (उष्णतेने आवळणारी) नळी चढवली. पंखा आता गाडी तापल्यावरच फिरतो. स्कॅनर घेतलेला नाही आणि घेणारही नाही. उरलेल्या पैशांतून बोनेटखाली लावायला बारीक स्टीलची जाळी आणली.

वर्तकनगर_७७
मग कोड कसा घालवणार? १.५ घ्याच.

तुर्भ्याचा_जुना_मिस्त्री
घालवायला नको. बिघाड सलग तीन ड्रायव्हिंग सायकलींत (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या फेऱ्यांत) दिसला नाही की दिवा आपोआप विझतो. नोंद मात्र साधारण चाळीस वॉर्म-अप सायकली (थंड इंजिन पूर्ण तापण्याच्या फेऱ्या) आत राहते, तिचा त्रास काही नाही.

कासारवडवलीकर
आज सकाळी गायमुखच्या वाहनांच्या रांगेत पाऊण तास उभा होतो, तेव्हा डॅशबोर्डवरच्या मीटरकडे लक्ष गेले. दिवा नव्हता.

ऐरोलीचा_सारथी
तरीही आत नोंद शिल्लक आहे. रविवारी ऐरोलीला या, पुसून देतो.