मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन काठमांडू खोरं, पायऱ्या आणि मच्छिंद्रनाथ

नमस्कार मंडळी,

दिवाळी आटोपली की आई-बाबांना घेऊन नेपाळला जायचं ठरतंय. आम्ही तिघंच. आई अडुसष्टची, गुडघे दुखरे. सपाटीवर चालते, पण पायऱ्या, त्यातही उतरायच्या, म्हटलं की घाबरते. बाबा त्र्याहत्तरचे, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. आम्ही नाशिकचे.

आधी एका टूरवाल्यांकडून कार्यक्रम मागवला होता. काठमांडू दीड दिवस, मग चितवन, पोखरा, जोमसोम, मुक्तिनाथ आणि परतताना लुंबिनी. त्या दीड दिवसात पशुपतिनाथ, बुढानीलकंठ, स्वयंभू, बौद्धनाथ, पाटण, शिवाय खरेदी. भक्तपूरचं नावच नाही. मुक्तिनाथ काढून ते दिवस खोऱ्यात द्या म्हटलं, तर ग्रुपमध्ये तसं करता येत नाही म्हणाले. म्हणून आपलं आपणच जायचं आणि आठवडाभर खोऱ्यातच राहायचं असं ठरवलंय. नातेवाईकांचं पालुपद चालू आहे, एवढं जाताय तर मुक्तिनाथ का सोडता? पण काठमांडू १,४०० मीटरच्या आसपास आणि मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. बाबांचं बीपी आणि डोंगरातले रस्ते बघता मला ते नको आहे. तेव्हा त्याबद्दल आग्रह करू नका, ही आधीच विनंती.

आता खोरंच का, ते सांगते. म्हणजे सुचवणं सोपं जाईल.

आमच्याकडे श्रावणात नवनाथांची पोथी लावतात. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला आई त्र्यंबकला जातेच. निवृत्तिनाथांचे गुरू गहिनीनाथ, त्यांचे गोरक्षनाथ, त्यांचे मच्छिंद्रनाथ. ही नावं ती घरातल्या वडीलधाऱ्यांची घ्यावीत तशी घेते. पाटणला मच्छिंद्रनाथांचा रथ निघतो आणि तिथले नेवार (खोऱ्यातले मूळ रहिवासी) बौद्ध त्याच मूर्तीला करुणामय, म्हणजे अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व म्हणून पूजतात, हे कळल्यापासून तिला पशुपतिनाथाइतकीच पाटणची ओढ लागली आहे. बाबांचा जीव लेण्यांत. कार्ले, भाजे, अजिंठा सगळं पायी फिरलेले. जिथे स्तूपाची पूजा आजही रोज होते अशी जागा त्यांना बघायची आहे. दोघांची यात्रा एकाच ठिकाणी होते आहे, म्हणून ती घाईत उरकायची नाही.

मला अडलेल्या गोष्टी अशा.

राहायचं कुठे? सगळे काठमांडूतला ठामेल हा पर्यटकांचा भाग सुचवतात, पण तिथे रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो असं वाचलं. पाटणला किंवा बौद्धनाथाजवळ राहिलं तर गैरसोय होईल का?

पशुपतिनाथाला आईला गाभाऱ्यासमोरून नीट दर्शन हवंय. रांग किती वेळ लागते, बसायला जागा असते का? आणि एक नाजूक प्रश्न. बागमतीच्या घाटावर चिता जळत असतात. मागच्या वर्षी माझा मामा गेला, आई अजून त्यातून पुरती सावरलेली नाही. मंदिरात जाताना घाटावरूनच जावं लागतं का?

स्वयंभूच्या ३६५ पायऱ्या तिला जमणार नाहीत. दुसरी वाट आहे म्हणतात, ती कितपत सोपी?

भक्तपूरला एक रात्र राहावं की सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाटणच्या मच्छिंद्रनाथांची मूर्ती वर्षातले काही महिने दुसऱ्या गावी असते म्हणे. आम्ही जाऊ तेव्हा दर्शन नाही झालं तर आईला फार लागेल.

कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

*

प्रतिसाद:

मुक्तिनाथ सोडण्याचा निर्णय योग्य आहे. नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं पाटणला राहिलो, त्या अनुभवावरून सांगतो.

मुक्काम पाटणलाच करा. दरबार चौकाच्या आसपास जुन्या नेवार घरांची छोटी अतिथिगृहं झाली आहेत. देखणी असतात, पण दारं बुटकी आणि जिने उभे. आईंसाठी तळमजल्याची खोली आधीच मागून घ्या आणि तसं लिहून घ्या. तेवढं जमलं नाही तर लिफ्ट असलेलं साधं हॉटेल घ्या.

पाटणचा मोठा फायदा असा की सकाळी चहा घेऊन बाहेर पडलात की मंदिरं पायाखालीच आहेत आणि रस्ता सपाट. कृष्ण मंदिर १६३७ चं, पाटणचा राजा सिद्धिनरसिंह मल्ल याने बांधलेलं, अख्खं दगडी. पहिल्या मजल्यावर कृष्ण, दुसऱ्यावर शिव आणि तिसऱ्यावर लोकेश्वर, म्हणजे अवलोकितेश्वरच. तुमचे आई आणि बाबा दोघांचंही दैवत एकाच शिखराखाली. वर चढायच्या फंदात पडू नका. रामायण-महाभारताचे कोरलेले प्रसंग चौकातून मान वर करून बघता येतात, ते बघायलाच तास जाईल. तिथून थोडं चाललं की हिरण्यवर्ण महाविहार. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. तिथे ठरावीक काळापुरता पुजारी म्हणून एक लहान मुलगा असतो. सकाळी गेलात तर पूजा चालू असताना बघायला मिळेल. बाबांनी आजवर विहार रिकामे पाहिलेत, हा भरलेला आहे.

भक्तपूरला नक्की राहा. दिवसा गर्दी असते, पण संध्याकाळी बसगाड्या गेल्या की चौक गावकऱ्यांचा होतो. म्हातारी माणसं पाटीवर येऊन बसतात, भजनं चालतात. पाटी म्हणजे रस्त्याकडेची उघडी धर्मशाळा, आईंना टेकायला गावभर आहेत. न्यातपोल हे पाच छपरांचं मंदिर इथला राजा भूपतींद्र मल्ल याने १७०२ मध्ये बांधलं. १९३४ आणि २०१५ हे दोन्ही भूकंप त्याने पचवले. जिन्यावर खालून वर पहिलवान, हत्ती, सिंह अशा जोड्या आहेत, प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान अशी समजूत. गाभाऱ्यातल्या सिद्धिलक्ष्मीचं दर्शन पुजाऱ्यांखेरीज कोणालाच नाही, त्यामुळे त्या पायऱ्या न चढल्याने काही हुकत नाही. समोर बसा आणि मातीच्या भांड्यातलं जुजु धौ खा. म्हशीच्या दुधाचं घट्ट, गोडसर दही असतं.

*

प्रतिसाद:

पशुपतिनाथाबद्दल लिहिते. सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यांचंही वय साधारण तेवढंच होतं.

घाटावरून जावं लागत नाही. मुख्य दार पश्चिमेला आहे. पूजेच्या सामानाच्या आणि रुद्राक्षांच्या दुकानांमधून तुम्ही थेट दाराशी पोचता, आत शिरलं की समोर भलामोठा सोनेरी नंदी पाठमोरा दिसतो. घाट मंदिराच्या मागे, खाली नदीवर. लोक चिता बघतात त्या पलीकडच्या तीरावरून, आणि संध्याकाळची बागमतीची आरतीसुद्धा तिथूनच बघतात. मन हळवं असेल तर आरतीचा बेत तिथे गेल्यावर, आईंना विचारून ठरवा. सकाळच्या दर्शनात घाट टाळता येतो.

गाभाऱ्याला चार दारं आणि लिंगाला चार दिशांना चार मुखं. एका दारातून दर्शन घेऊन पुढे ढकललं गेल्यासारखं वाटलं तरी प्रदक्षिणा पूर्ण करा, प्रत्येक दारातून वेगळं मुख दिसतं. लिंगाला फक्त भट्ट पुजारी हात लावतात, ते परंपरेने दक्षिण भारतातून येतात. आत फोटो नाही, चामडं नाही. पहाटे गेलात तर रांग कमी. शनिवार टाळाच, नेपाळमध्ये तो सुट्टीचा वार. सोमवार आणि एकादशीही गर्दीच्या.

एक महत्त्वाचं: दिवाळीनंतर जाताय म्हणून सांगते, आपल्या कार्तिक वद्य चतुर्दशीला तिथे बालाचतुर्दशी असते (त्यांचे महिने पौर्णिमान्त, म्हणून ते मार्गशीर्ष म्हणतात). गेलेल्या माणसांच्या नावाने लोक रात्रभर दिवा लावून जागतात आणि सकाळी सात धान्यं विखुरतात. देशभरातून माणसं येतात, पाय ठेवायला जागा नसते. गुडघेदुखीच्या माणसाने त्या दिवशी जाऊ नये.

स्वयंभूला पश्चिमेकडून गाडी वरपर्यंत जाते. तिथूनही थोड्या पायऱ्या आहेत, पण थांबत थांबत जमतात. माकडांमुळे हातात खाऊ किंवा पिशवी नको. स्तूपाच्या बाजूलाच हारितीचं छोटं मंदिर आहे, तिथले लोक अजिमा म्हणतात. देवीच्या आजारापासून मुलांना राखणारी म्हणून हिंदू-बौद्ध दोघांच्या बायका तिथे पूजेला रांग लावतात. तुमच्या बाबांनी अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात हारिती आणि पांचिक पाहिले असतील. तीच ही, इथे तिला रोज हळदकुंकू आणि अंडी वाहतात. आमच्या सासूबाई तिथून उठायला तयार नव्हत्या.

*

प्रतिसाद:

मच्छिंद्रनाथांविषयी. मूर्ती साधारण अर्धं वर्ष पाटणच्या तःबहाल या मंदिराच्या चौकात आणि अर्धं वर्ष जवळच्या बुंगमतीत असते. बुंगमती पाटणहून टॅक्सीने फार लांब नाही. म्हणजे तुम्ही पाटणला राहिलात तर मूर्ती कुठेही असली तरी दर्शन चुकत नाही. उतराल तिथल्या कोणालाही "बुंगद्यः आत्ता कुठे आहेत" एवढं विचारा (बुंगद्यः हे मच्छिंद्रनाथांचं तिथलं नाव), लगेच सांगतील.

आईंना तिथली कथा आधी सांगून ठेवा, पोथी वाचणाऱ्याला ती भिडते. गोरक्षनाथ खोऱ्यात आले, पण कोणी भिक्षा घातली नाही. तेव्हा पाऊस आणणाऱ्या नागांना आसनाखाली धरून ते ध्यानाला बसले आणि बारा वर्षं दुष्काळ पडला. राजा नरेंद्रदेव, बंधुदत्त नावाचे आचार्य आणि ललित नावाचा शेतकरी अशा तिघांनी कामरूपाहून मच्छिंद्रनाथांना आणलं. गुरू आले म्हणून गोरक्ष उठून उभे राहिले, नाग सुटले, पाऊस आला. म्हणून वैशाखातला तो रथ पावसासाठी ओढतात. वज्राचार्य आणि शाक्य पुजारी बौद्ध विधीने पूजा करतात आणि रथाच्या दोरीला सगळा गाव हात लावतो.

काठमांडूत असन आणि इंद्रचोक यांच्या मध्ये जनबहालात पांढरे मच्छिंद्रनाथ आहेत. तेही चुकवू नका. बाजारातल्या अरुंद बोळातून आत गेलं की एकदम मोकळा, सपाट चौक लागतो.

*

धागाकर्तीचा प्रतिसाद:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. घाटाविषयीचं वाचून फार मोठं ओझं उतरलं. गोरक्षनाथांची कथा आईला वाचून दाखवली, तिने लगेच बाबांना परत सांगितली.

पंचांग बघितलं. बालाचतुर्दशी होऊन गेल्यावरची तिकिटं काढते. पाटणला मुक्काम, मध्ये भक्तपूरची रात्र आणि शेवटी बौद्धनाथाजवळ, असं आखते आहे. कागदपत्रांचं आणि पैशांचं कोणी सांगेल का? माझा पासपोर्ट आहे, आई-बाबांचे नाहीत.

*

प्रतिसाद:

व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. ६५ वर्षांवरच्यांना आधार चालतं, त्यामुळे आई-बाबांचं काम होईल. तरी मतदार ओळखपत्रं असतील तर तीच मूळ प्रत घेऊन जा आणि नावाचं स्पेलिंग तिकिटाशी जुळतंय ना बघा.

आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६०, हा दर ठरलेला आहे. भाव सांगितला की "आयसी की एनसी" हे विचारून घ्या, म्हणजे भारतीय की नेपाळी. शंभराच्या नोटांची चळत ठेवा, मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात. दरबार चौकांच्या तिकिटाला भारतीयांना सार्कचा कमी दर आहे, ओळखपत्र जवळ असू द्या.

बौद्धनाथ शेवटी ठेवलंत ते बरं केलंत. सगळं सपाट आहे. संध्याकाळी तिबेटी आजी-आजोबा जपमाळ घेऊन स्तूपाला फेऱ्या घालतात, त्यांच्या चालीने आईंना सहज चालता येईल. गच्चीवरच्या हॉटेलांना मात्र बरेच जिने असतात. मास्क न्या, शहरात धूळ फार. सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागेल.

*

धागाकर्तीचा प्रतिसाद:

दोघांचीही मतदार ओळखपत्रं सापडली. आईच्या कार्डावर माहेरचं नाव आहे, म्हणून तिच्यासाठी आधारच नेते.

आता एकच राहिलं. भक्तपूरला तळमजल्यावर खोली आणि शाकाहारी जेवण मिळेल अशा ठिकाणी कोणी स्वतः राहिलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाबांना खिडकीतून न्यातपोल दिसलं तर हवंय, पण जिना नको, ही अट आधी.