मदत हवी आहे : एमबीएचं दुसरं वर्ष बेळगावहून कोल्हापूरला

नमस्कार मंडळी. खानापूरच्या विद्यार्थिनीसाठी विचारतोय. बेळगावात व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) एमबीएची २ सेमिस्टर पूर्ण, बॅकलॉग नाही. तिसऱ्या सेमिस्टरला शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात जायचंय.

विद्यापीठच बदलत असल्याने दोन कॉलेजांच्या एनओसीवर भागत नाही. नव्या कॉलेजात मंजूर प्रवेशक्षमतेतली जागा रिकामी हवी आणि नव्या विद्यापीठाने समकक्षता (आधीचा अभ्यासक्रम आपल्याच्या तोडीचा असणं) मान्य करायला हवी. घोडं अडतं ते इथंच. नुसत्या विषयांच्या नावांवरून क्रेडिट जुळत नाहीत, म्हणून गुणपत्रिकांसोबत कॉलेजचा शिक्का असलेला सविस्तर अभ्यासक्रम जोडतोय. टीसी आणि मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) लेखी होकार हातात पडल्याशिवाय काढणार नाही, नाहीतर इथली जागाही जाईल.

आता कळीचं. अलीकडे असा प्रवेश कुणाचा झालाय का? समकक्षतेचा अर्ज कॉलेजमार्फतच जातो, की विद्यापीठात थेट देता येतो? न जुळणारे पहिल्या वर्षाचे विषय तिसऱ्या सेमिस्टरबरोबर देऊ देतात का? आणि सीमाभागातल्या (महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या, कर्नाटकातल्या) ८६५ गावांच्या मराठी भाषिकांना प्रवेशात मिळणारी सवलत अशा बदलीलाही लागू होते का? तिच्यासाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण फीचं गणित त्यावरच आहे. स्वतः प्रक्रिया केलेल्यांनी कृपया सांगावं.