सुईने नशा करणाऱ्याला एआरटी (एचआयव्हीचं औषध) सुरू करायची तर आधी नशा सोडावी लागते का? (नाशिक)

पंचवटीकर:
मित्राचा आयसीटीसीचा (सरकारी तपासणी केंद्राचा) एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. ब्राऊन शुगर सुईने घेतो. घरचे म्हणतात, आधी व्यसनमुक्तीला टाका, सुटलं की औषध. आधारवर पत्ता गावचा आहे. जायचं कुठे, आणि एआरटी व ओएसटी (नशेऐवजी देतात ती गोळी) एकत्र चालतात का?

त्र्यंबकनाका:
थांबू नका. २०१७ पासून धोरण असं आहे की सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, एआरटी सुरू करायची. नशा चालू आहे म्हणून नाकारता येत नाही. त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एआरटी केंद्र आहे, औषध फुकट. रिपोर्ट आणि फोटो असलेलं कुठलंही ओळखपत्र न्या. पत्त्यावरून अडवलं तर खिडकीवर भांडू नका, समुपदेशकाला गाठा. तिथेही नाही जमलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा.

माणूस पहिल्याच दिवशी पळतो तो बहुतेक रक्त काढताना. शिरा बसलेल्या असतात, चार ठिकाणी टोचलं की उठून जातो. सकाळी भरपूर पाणी पाजा, हात गरम ठेवायला सांगा, आणि कुठली शीर अजून चालते हे त्यानेच टेक्निशियनला दाखवावं. त्याच्याइतकं ते कोणाला माहीत नसतं! दुसरं म्हणजे टर्कीत (नशा न मिळाल्याच्या त्रासात) नेऊ नका, दोन तास रांगेत बसवणार नाही.

हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही तपासून घ्या. बी असेल तर एआरटी मनाने बंद करणं धोक्याचं: तिच्यातली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन बी-लाही दाबून धरतात, सोडल्यावर यकृत भडकू शकतं.

गोदाकाठ:
एकत्र चालतात. एआरटीची नेहमीची गोळी टीएलडी, रोज एक. तिच्यातल्या डोल्युटेग्राविरचा ओएसटीच्या ब्युप्रेनॉर्फिनशी झगडा नाही. अ‍ॅसिडिटीची अँटासिड (अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली) औषधं मात्र सांभाळा: टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर.

ओएसटीचा पहिला डोस शेवटच्या सुईनंतर किमान ८ तासांनी, आणि जांभया, नाक गळणं, अंगावर काटा सुरू झाल्यावरच. घाई केली तर गोळीच टर्की आणते आणि माणूस म्हणतो, 'हे औषध मला चालत नाही'. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची. गिळली तर जवळपास वाया. वरून दारू किंवा 'बटण' (झोपेची गोळी) घेतलं तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

पंचवटीकर:
खोकलाही आहे. टीबी निघाला तर?

गोदाकाठ:
तर एआरटीच्या डॉक्टरांना लगेच सांगा. टीबीचं रिफाम्पिसिन डोल्युटेग्राविरची पातळी पाडतं, म्हणून टीएलडीनंतर १२ तासांनी ५० मिग्रॅ डोल्युटेग्राविर वेगळं देतात, टीबीचं औषध संपल्यावर आणखी २ आठवडे. तेच रिफाम्पिसिन ब्युप्रेनॉर्फिनही कमी करतं. मग अचानक टर्की लागते, आणि बिचारा टीबीच्या गोळ्या फेकून देतो. फेकायचं काही कारण नाही, ओएसटीचा डोस वाढवून मागायचा.

त्र्यंबकनाका:
एक राहिलं. पोलिसांनी उचललं किंवा नाशिकरोड जेलमध्ये गेला तर आत गेल्याबरोबर वैद्यकीय अधिकाऱ्याला एआरटी नंबर सांगायचा. कार्डाचा फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा, पिशवी जप्त झाली तरी नंबर राहतो. नवी सुई देणारा कार्यकर्ता भेटला तर घ्या; ते वाटप २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गुन्हा नाही.